रिंगखाली हात वर असतो, बॉल मात्र येत नाही

प्रश्न मी समजलो तो असा. तुमच्या आवडत्या बास्केटबॉल संघाकडे एक गुणी सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा माणूस, आहे. उंच आहे, पाय हलके आहेत, हातात आलेला बॉल सुटत नाही, आणि 62 टक्के शॉट आत टाकतो. तरी त्याला सामन्याला जेमतेम आठ-नऊ शॉट मिळतात. परवा हरलेल्या सामन्यात तर चौथ्या क्वार्टरमध्ये एकही मिळाला नाही. 43-44 टक्क्यांवर खेळणारे गार्ड, म्हणजे बाहेरून बॉल खेळवणारे, मात्र त्याच्या दुप्पट शॉट मारतात. मग प्रशिक्षक त्याला वाया घालवतोय का?

वीसेक वर्षं संघ शिकवतोय, त्यातली बरीचशी बिग, म्हणजे सेंटरसारख्या उंच, लोकांच्या मागे गेली. माझं उत्तर: बहुधा हो, वाया जातोय. पण तुम्ही सुचवलेला इलाज, म्हणजे त्याला लो पोस्टमध्ये (रिंगलगत, रिंगकडे पाठ करून उभा असताना) बॉल द्या आणि बाकीच्यांनी बाजूला व्हा, तो केला तर आणखी वाया जाईल.

आधी त्या 62 टक्क्यांकडे बघू. हा आकडा सेंटरचा एकट्याचा नसतो. त्यात लॉबवरचे (रिंगजवळ उंच फेकलेल्या पासवरचे) डंक असतात, दुसऱ्याचा चुकलेला शॉट परत टाकलेला असतो, गार्डने दोन माणसं ओढून घेतल्यावर रिकाम्या रिंगखाली मिळालेला पास असतो. हे शॉट दुसऱ्या कुणीतरी तयार करून ताटात वाढलेले असतात. उद्या त्याचे शॉट नवाचे अठरा केले तर वरचे नऊ डंक नसतील. ते असतील पाठीवर माणूस घेऊन, दोन ड्रिबल मारून, आठ फुटांवरून, एका हाताने डोक्यावरून मारलेले हुक. त्यांची टक्केवारी 62 राहणार नाही, 45 राहिली तरी मी खूश होईन. म्हणून सेंटरची टक्केवारी आणि गार्डची टक्केवारी शेजारी ठेवून भांडण सुरू केलं की ते पहिल्याच पायरीवर घसरतं. शॉट क्लॉकचे (शॉट मारायला मिळणाऱ्या 24 सेकंदांचे) दोन सेकंद उरलेत, बॉल कुणालाच नको आहे, तेव्हा तो गार्डच्याच हातात येतो. त्या शॉटचा हिशेबही त्याच्याच नावावर चढतो.

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला सेंटर रूडी गोबेअर हे याचं नेमकं उदाहरण. 2021-22 च्या मोसमात त्याने 71.3 टक्के शूटिंग केलं, तेही सामन्याला आठाच्या आतबाहेर शॉट घेऊन. त्याच्या आदल्या वर्षी, 2021 च्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत), क्लिपर्सने गोबेअरच्या युटा संघाविरुद्ध आपला सेंटर बसवला आणि पाच छोटे खेळाडू उतरवले. गोबेअरवर त्याच्याहून बऱ्याच बुटक्या माणसांनी बचाव केला. जग ओरडत होतं, बॉल द्या त्याला! पण पाठीवर माणूस घेऊन शॉट तयार करणं हे त्याचं कामच कधी नव्हतं, आणि मालिकेच्या मध्यावर ते शिकता येत नाही. दुसऱ्या टोकाला त्याला कोपऱ्यातल्या टेरन्स मॅनकडे धावत जावं लागत होतं. सहाव्या सामन्यात मॅनने 39 गुण केले आणि युटा घरी गेलं. त्या मालिकेत गोबेअरचा वापर कमी झाला, असं मी म्हणणार नाही. त्याला जे येत होतं त्यासाठीच तो वापरला गेला. चूक झाली असेल तर ती आदल्या दोन-तीन उन्हाळ्यांत, सरावाच्या कोर्टवर झाली.

आता उलट टोक. सेंटर विल्ट चेंबरलेनने 1961-62 मध्ये सामन्याला सरासरी 50.4 गुण केले. त्यासाठी तो रोज सुमारे 40 शॉट मारत होता. याहून जास्त वापर कुणाचा झालेला नाही, पुढेही होईलसं वाटत नाही. त्या वर्षी त्याचा संघ बॉस्टनकडून हरला. पाच वर्षांनी, 1966-67 मध्ये, अॅलेक्स हॅनम या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याचे शॉट 14 च्या आसपास आले आणि गुण 24.1 वर. पण असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने शॉट टाकला ते पास) 7.8 झाले, शूटिंग 68.3 टक्के झालं, फिलाडेल्फियाने 81 पैकी 68 सामने जिंकले आणि अजिंक्यपदही घेतलं. आता मला सांगा, विल्टचा वापर कोणत्या वर्षी कमी झाला? शॉट मोजणाऱ्याचं उत्तर एक येईल, सामना बघणाऱ्याचं दुसरं. हल्ली लोक यूसेज रेट, म्हणजे संघाचे किती टक्के ताबे एका खेळाडूच्या हातून संपतात, तो आकडा तोंडावर फेकतात. पाच जण खेळतात म्हणून त्याची सरासरी 20 टक्के. पण त्यात शॉट, फाउलमुळे मिळालेले फ्री थ्रो आणि टर्नओव्हर (गमावलेला बॉल) एवढंच धरतात. सेंटरने लावलेली स्क्रीन (सहकाऱ्याच्या डिफेंडरच्या वाटेत उभं राहणं), त्याने कोपऱ्यात फेकलेला पास, रिंगकडे धावत जाऊन ओढून घेतलेला मदतनीस डिफेंडर, यातलं काहीच त्यात येत नाही. बिगसाठी हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे.

पोस्टमध्ये बॉल द्या, हा सल्ला जुना आहे आणि एके काळी बरोबरही होता. 2001 पर्यंत एनबीएमध्ये झोन बचावाला (माणसाऐवजी जागा सांभाळण्याला) बंदी होती. डिफेंडरने एक तर आपल्या माणसाला चिकटायचं, नाही तर सरळ जाऊन डबल टीम (एकावर दोघे) करायची. अधल्यामधल्या जागेत घुटमळायला परवानगी नव्हती. त्यामुळे शकील ओनील किंवा हकीम ओलाजुवानला एका बाजूला बॉल दिला की तो बहुतेक वेळा एकास एक खेळत असे, आणि डबल आली तर ती कुठून येतेय हे त्याला दिसत असे. 2001-02 पासून ती बंदी उठली. आता एक जण पुढून पास अडवतो, दुसरा मागे उभा राहतो, आणि तिसरा निम्म्या वाटेवर थांबून वाट बघतो. एनबीएमध्ये निदान बचावाचा तीन सेकंदांचा नियम आहे. कुणावर बचाव न करता पेंटमध्ये (रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात) ठाण मांडता येत नाही. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांत तोही नाही. तिथे समोरचा सेंटर हवा तेवढा वेळ रिंगखाली उभा राहू शकतो. तुमचा संघ फिबाच्या नियमांनी खेळत असेल, तर पोस्टमधली गर्दी दीडपट धरा.

शिवाय वेळ. 24 सेकंदांतले सहा-सात बॉल पुढे आणण्यात जातात. सेट (ठरलेली चाल) लावून, स्क्रीन मारून, बिगला जागेवर आणून, पासचा कोन साधेपर्यंत क्लॉकवर दहा उरतात. बॉल आत गेला, डबल आली, बॉल बाहेर आला, की चार. मग कुणीतरी तोंड वेडंवाकडं करून शॉट मारतो, आणि घरी बसलेला माणूस म्हणतो, बघा, पुन्हा गार्डनेच मारला. पोस्ट-अपमधून साधारणपणे पझेशनमागे (बॉलच्या एका ताब्यामागे) एका गुणाहून थोडं कमीच हाती लागतं. स्क्रीन लावून रोल करत, म्हणजे वळून, रिंगकडे जाणाऱ्या बिगने तेच फिनिश केलं तर एकाहून बरंच जास्त. प्रशिक्षक पोस्ट-अप टाळतात ते आळसाने नाही.

मग मी बहुधा हो का म्हटलं? कारण बिग वाया जातो तो सेट लावून द्यायच्या बॉलमध्ये नाही. तो वाया जातो सेट लागण्याआधीच्या आणि सेट मोडल्यानंतरच्या सेकंदांत.

यातली पहिली जागा म्हणजे बचावातून आक्रमणात जातानाची धाव. चांगला बिग रिबाउंड झाल्याझाल्या सरळ समोरच्या रिंगकडे सुटतो, पेंटच्या तोंडाशी पोचतो, आपल्या डिफेंडरला पाठीवर घेतो आणि हात वर करतो. त्या क्षणी डबलला यायला कुणी नसतं, सगळे अजून धावत असतात. ही संधी जगते दोन सेकंद, फार तर अडीच. गार्ड तेव्हा काय करत असतो? मान खाली घालून ड्रिबल, किंवा कोपऱ्यातल्या शूटरकडे नजर. त्याने मान वर करेपर्यंत मागून मदत आलेली असते, किंवा तीन सेकंदांच्या भीतीने (आक्रमण करणाऱ्यालाही पेंटमध्ये त्याहून जास्त थांबता येत नाही) बिगने जागा सोडलेली असते. प्रेक्षकाला यातलं काही दिसत नाही, कारण कॅमेरा बॉलवर असतो. आकडेवारीत तर त्याचा मागमूसही नसतो. न दिलेल्या पासची नोंद कोण ठेवणार?

ही चूक मी स्वतः वर्षभर केली आहे. माझ्याकडे एक फार चांगला मुलगा होता, लांब हाताचा, कष्टाळू. मोसमाच्या मध्यावर त्याचं धावणं मंदावलं. मला वाटलं दम कमी पडतोय, म्हणून त्याला जास्तीचे स्प्रिंट लावले. एक दिवस तो सरावानंतर थांबला आणि म्हणाला, ‘सर, मी रिंगखाली उभा असतो ते तुम्हाला तरी दिसतं का?’ राग आला खरा, पण त्या रात्री मी मागचे तीन सामने पुन्हा बघितले, या वेळी बॉलकडे न बघता फक्त त्याच्याकडे बघत. पोरगं बरोबर होतं. पहिल्या सामन्यात तो प्रत्येक वेळी धावला होता. दुसऱ्यात निम्म्या वेळा. तिसऱ्यात चालत येत होता, आणि त्याला मी तरी कुठल्या तोंडाने बोलणार? त्यानंतर सरावात मी एकच नियम केला: बिगने पेंटच्या तोंडाशी माणूस पाठीवर घेतला आणि त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही, तर ते पझेशन समोरच्या संघाला. बॉल द्यायची सक्ती नव्हती, फक्त नजर जायला हवी होती. दोन आठवड्यांत गार्डच्या माना वर आल्या.

पण तेच फुटेज बघताना त्याच्याही चुका दिसल्या, त्या सांगायलाच हव्यात. तो माणूस पाठीवर घ्यायचा तो पेंटच्या बाहेर पाऊलभर लांब. हात दाखवायचा तो डिफेंडरच्या बाजूचा. आणि पास सुटायच्या ऐन वेळी पायांची पकड ढिली करून बॉलकडे वळायचा, मग डिफेंडरचा हात मध्ये. बिगला बॉल मिळत नाही या तक्रारीतला मोठा भाग बिगच्या पायांत असतो. कंबर खाली, पाय रुंद, माणूस मांडीवर अडकवलेला, आणि बॉल तळव्यात येईपर्यंत ती पकड सोडायची नाही. हे कंटाळवाणं काम आहे. डंकच्या व्हिडिओत ते दिसत नाही, म्हणून तरुण मुलं शिकत नाहीत.

आणि पास देणाऱ्याचं काय? पोस्टमध्ये बॉल देणं ही कला आजच्या गार्डकडून जवळजवळ गेली आहे. लहानपणापासून ते टॉपवर, रिंगसमोर लांब, उभं राहून पिक अँड रोल (बिगने स्क्रीन लावून रिंगकडे सुटायचं) खेळतात. टॉपवरून लो पोस्टचा पास म्हणजे लांब आणि सपाट, वाटेत चार हात. तो द्यायचा बाजूने, ड्रिबल करत फ्री थ्रोच्या रेषेखाली उतरून, वर फसवून खालून बाउन्स, डिफेंडरच्या लांबच्या हाताकडे. डिफेंडर पुढे उभा असेल तर बॉल आधी फ्री थ्रोच्या रेषेवरच्या दुसऱ्या बिगकडे, आणि तिथून रिंगवर लॉब. तुमच्या संघाच्या गार्डना यातलं एक तरी येतं का, ते बघा. येत नसेल तर प्रशिक्षकाने बॉल आत देऊ नका असं सांगितलेलं नसेल. तीन वेळा टर्नओव्हर झाल्यावर पोरांनीच मनोमन ठरवलेलं असेल.

दुसरी जागा स्विचनंतरची, आणि ती मला सगळ्यात जास्त टोचते. पिक अँड रोल झाला, बचावाने माणसं बदलली, सेंटरच्या अंगावर सहा फुटी गार्ड आला. गार्डच्या समोर त्यांचा सेंटर आला. आता दोन फायदे आहेत, पण गार्डला एकच दिसतो, आपल्यासमोरचा जड माणूस. तो मागे सरकतो, इतर चौघांना हाताने दूर करतो, आठ सेकंद बॉल आपटतो आणि मागे उडी घेत थ्री (तीन गुणांचा लांबचा शॉट) मारतो. कधी कधी तो जातोही, आणि सवय पक्की होते. 2018 च्या प्लेऑफमध्ये ह्यूस्टनने मिनेसोटाविरुद्ध पिकमागून पिक अशी माणसं बदलली. मिनेसोटाचा सेंटर कार्ल-अँथनी टाउन्स मोसमभर 21 गुणांच्या सरासरीने खेळला होता. पहिल्या दोन सामन्यांत त्याचे गुण होते 8 आणि 5. त्याच्यावर बुटकी माणसं येत होती, पण बॉल वेळेवर आत जात नव्हता, आणि उशिरा गेला तर मदत पोचलेली असायची. त्याने स्वतःही जागा जोराने मागितली नाही, हेही खरं. स्विचचा फायदा घ्यायचा तर पहिल्या दोन सेकंदांत. त्यानंतर चांगला बचाव मागच्या बाजूने पुन्हा माणसं बदलून घेतो.

तिसरी जागा म्हणजे एल्बो, फ्री थ्रोच्या रेषेचे दोन कोपरे. बिगला पास करता येत असेल तर त्याला रिंगखाली डांबून ठेवणं म्हणजे चाललेली गाडी गॅरेजमध्ये लावणं. निकोला योकिच 2014 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) 41 वा निवडला गेला. 2016-17 च्या सुरुवातीला डेन्व्हरने त्याला युसुफ नुर्किचबरोबर, म्हणजे दोन सेंटर एकत्र, असा खेळवून बघितला. जमलं नाही. काही काळ तो बेंचवरून आला. डिसेंबर 2016 मध्ये त्याला एकटा सेंटर म्हणून सुरुवातीला उतरवलं आणि आक्रमण त्याच्या हातांतून फिरवलं, त्यानंतर संघ बदलला. 2022-23 मध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या वर्षी, त्याचे शॉट सामन्याला 15 च्याही आतच होते, आणि असिस्ट 9.8. शॉट मोजणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

योकिच एकच आहे, ही हरकत मान्य. मग डोमान्तास साबोनिस घ्या. इंडियानामध्ये तो चांगलाच होता. फेब्रुवारी 2022 मध्ये सॅक्रामेंटोला गेल्यावर तिथल्या संघाने त्याला एल्बोवर उभं केलं आणि शूटर त्याच्या अंगाला घासून पळवले. बॉल हातात द्यायचा आणि त्याच अंगाने स्क्रीन लावायची. 2022-23 मध्ये त्याचे असिस्ट 7.3 झाले आणि सॅक्रामेंटो 16 मोसमांनी प्लेऑफमध्ये पोचलं. पण पुढची गोष्टही सांगतो, कारण ती बहुतेक लोक गाळतात. प्लेऑफमध्ये गोल्डन स्टेटने साबोनिसला एल्बोवर मोकळं सोडलं. त्यांचा केव्हॉन लूनी रिंगखाली मागे थांबला आणि म्हणाला जणू, मार शॉट. तो शॉट भरवशाचा नव्हता, त्यामुळे बॉल द्यायच्या वाटा बंद झाल्या आणि सात सामन्यांत मालिका गेली. बिगकडून आक्रमण फिरवायचं तर त्याला पंधरा फुटांवरून निदान धाक वाटेल एवढा तरी शॉट हवा.

शॉट तयार करता येतो, वय झाल्यावरही. सेंटर ब्रूक लोपेझने पहिल्या आठ मोसमांत मिळून तीन थ्री टाकले होते. 2016-17 या एकाच मोसमात 134 टाकले. माणूस तोच होता, त्याला परवानगी आणि सराव मिळाला.

प्रशिक्षक कधी बरोबर असतो, तेही सांगतो. सेंटरचे फ्री थ्रो चुकतात म्हणून बॉल देऊ नका, हे कारण पुढे करतात ते मला अर्धवट वाटतं. शकील ओनीलची कारकिर्दीतली फ्री थ्रोची सरासरी 52.7 टक्के होती. 2000 च्या अंतिम मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यात त्याला 39 फ्री थ्रो दिले, 18 गेले, आणि लेकर्स जिंकले. फाउल भरून समोरचे सेंटरही बाहेर जातात. दमाचं कारण मात्र खरं. तुमचा सेंटर दर पझेशनला दोघांची चूक झाकत बचाव करत असेल, तर प्रत्येक आक्रमणात त्याला कुस्ती खेळायला लावू नये. आणि डबल आल्यावर त्याला कोपरा दिसत नसेल, बॉल खाली आणून ड्रिबल करत असेल, तर बॉल न देणारा प्रशिक्षक शहाणा आहे. खेळाडूची स्वतःची इच्छा हा तर अगदीच कच्चा पुरावा. 2012-13 मध्ये लेकर्सकडे असताना ड्वाइट हॉवर्डला पोस्टमध्ये बॉल हवा असायचा. पण त्याची खरी दहशत होती रोल करताना. ऑर्लँडोने त्याच्याभोवती चार शूटर पसरून 2009 ची अंतिम फेरी गाठली होती, ती याच जोरावर.

आता तुमचं काम. परवाचा सामना पुन्हा लावा आणि बॉल विसरून फक्त सेंटरकडे बघा. कागदावर तीनच गोष्टी लिहा. धावत येऊन माणूस पाठीवर घेतला तेव्हा कुणी बघितलं का. अंगावर छोटा माणूस आला तेव्हा पुढच्या दोन सेकंदांत बॉल कुठे गेला. आणि त्याच्या हातात पहिल्यांदा बॉल आला तेव्हा क्लॉकवर किती होते. क्लॉकवर पाच-सहा उरल्यावरच बॉल येत असेल, तर तो वापरला जात नाहीये, त्याच्यावर ढकलला जातोय.

तुम्ही ज्या चौथ्या क्वार्टरवर चिडलात, त्यात आणखी एक बघा. तो रोल करत आत जातो तेव्हा कोपऱ्यातला डिफेंडर त्याच्याकडे ओढला जातो का? जात असेल आणि कोपऱ्यातून तुमच्या शूटरना मोकळे थ्री मिळून ते चुकले असतील, तर त्या क्वार्टरमध्ये सेंटरने शून्य शॉट मारूनही आपलं काम केलंय. कोपऱ्यातला माणूस हललाच नसेल, तर मात्र रोल अर्धवट होतोय किंवा पास येणार नाही हे समोरच्यांना कळलंय. तसं असेल तर मला कोणत्या मिनिटाला झालं ते लिहून कळवा. स्क्रीनचा कोन बघून सांगतो, चूक गार्डची आहे की त्याची.